रक्तपेशीतला चुना आणि रक्ताचा दाब



ऊस, खत, पाणी आणि तोडणीची पाळी हे आपल्या पत्रिकेचे नेहमीचे विषय. या वेळी मात्र ऊस पिकवणाऱ्या माणसाविषयी लिहायचे ठरवले. त्याला कारण घडले खारेपाटणात.

ऊसनोंदीच्या कामासाठी आम्ही खारेपाटण गटात गेलो होतो. शुक नदीच्या काठचे हे गाव. एकेकाळचे मोठे बंदर, आता मुंबई-गोवा रस्त्यावरची बाजारपेठ. इथला ऊस भुईबावड्याचा घाट चढून वर येतो. तो पिकवणे सोपे नाही आणि वर पोचवणे त्याहून अवघड, हे आम्ही जाणतो. दिवसभर फिरून संध्याकाळी एका जुन्या सभासदाच्या ओटीवर टेकलो. त्यांचे नाव इथे देत नाही. गावात सगळे त्यांना तात्या म्हणतात, आपणही तात्याच म्हणू.

नोंदीचे कागद झाले, चहा आला. तेवढ्यात काकी आतून बाहेर आल्या आणि आम्हालाच म्हणाल्या, "तुम्ही तरी सांगा ह्येंका. दाबाची गोळी बंद केल्यानी. महिनो झालो."

तात्या जरा वरमले, पण हटले नाहीत. म्हणाले, "अहो, ती कॅल्शियम अडवणारी गोळी. पाकिटावरचा नाव शेजारच्या पोरग्यान मोबाईलवर शोधून सांगल्यान. कॅल्शियम अडवल्यार हाडां ठिसूळ नाय होवची?"

इतक्यावर थांबले असते तरी बरे. त्यांच्या मेव्हण्यांनी आणखी एक बातमी आणली होती. दाब असलेल्या माणसांच्या रक्तपेशीत कॅल्शियम जास्त सापडते, असे कुठेतरी छापून आले होते. म्हणून तात्यांनी दूध सोडले आणि नाचण्याची भाकरीही सोडली. म्हणजे हाडे वाचवायला गोळी बंद आणि दाब उतरवायला दूध-नाचणी बंद. दोन्ही बातम्यांत थोडा थोडा खरेपणा, आणि दोन्हींचा अर्थ उलटा लागलेला! रात्री जेवायला बसलो तेव्हा तात्यांच्या पेजेशेजारी सुक्या बांगड्याचा भाजलेला तुकडा होता, लोणच्याची मोठी फोड होती आणि वर मिठाची चिमूटही होती. त्याबद्दल मात्र कोणी काही बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन आम्ही दवाखान्यात गेलो. दाब निघाला 178/104. तात्यांचे थोरले बंधू तीन वर्षांपूर्वी अर्धांगाने अंथरुणाला खिळले आहेत. दाबाचे निदान त्यांना झटका आल्यावरच झाले होते. यंत्रावरचा आकडा पाहून तात्या काही बोलले नाहीत, पण परतताना वाटेत म्हणाले, "ह्या नीट लिवून काढा. माझ्यासारखे बरेच असतीत." म्हणून हा लेख.

चुना: कारखान्यातला आणि शरीरातला

कॅल्शियम म्हणजे चुन्यातले मूळद्रव्य. आपल्याला ते परके नाही. गाळपात उसाचा रस काढला की तो तापवून त्यात कालवलेला चुना आणि गंधकाचा धूर सोडतात, तेव्हा मळी खाली बसते आणि रस निवळतो. चुना कमी पडला तर रस आंबट राहतो आणि साखर फुटते. जास्त पडला तर रस काळवंडतो. सगळी किमया मापात आहे.

शरीराचेही तसेच. आपल्या अंगातल्या कॅल्शियमपैकी सुमारे 99 टक्के हाडांत आणि दातांत असते. उरलेले एक टक्का बाकी सगळ्या शरीरात. रक्ताच्या दर 100 मिलिलिटर द्रवात ते साधारण साडेआठ ते साडेदहा मिलिग्रॅम असते. हे माप शरीर फार कसोशीने सांभाळते. एक दिवस दूध जास्त प्यायले म्हणून ते भलतेच वाढत नाही आणि एक दिवस नाही प्यायले म्हणून कोसळत नाही.

इथे एक गैरसमज आधीच काढून टाकू. कारखान्यात रस आटवण्याच्या भांड्यांच्या नळ्यांना आतून चुन्याचा थर धरतो आणि तो मधून मधून साफ करावा लागतो. कित्येकांना वाटते, रक्तवाहिन्यांतही असाच थर बसून दाब वाढतो. म्हातारपणी काही रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचते हे खरे. पण आपण आज ज्या कॅल्शियमची गोष्ट सांगतो आहोत ते थराचे नव्हे. ते पेशीच्या पोटात विरघळलेले, अगदी कणभर कॅल्शियम आहे. त्याचे काम निरोप्याचे.

पेशीचा बांध आणि पंप

आपल्या शरीरातली प्रत्येक पेशी म्हणजे नदीकाठचा एक खाचर समजा. बांधाबाहेर कॅल्शियमचा पूर आणि बांधाच्या आत जवळजवळ कोरडे. पेशीच्या बाहेर जेवढे मोकळे कॅल्शियम असते त्याच्या सुमारे दहा हजाराव्या हिश्शाइतकेच आत असते. पावसाळ्यात शुक नदी बाजारपेठेत शिरते तेव्हा पाणी बाहेर ठेवणे किती कठीण, हे खारेपाटणकरांना सांगायला नको. पेशी हे काम रात्रंदिवस करते. बांधाला दारे आहेत, ती एरवी बंद असतात. आत झिरपलेले कॅल्शियम बाहेर फेकायला पंप आहेत. असा पंप 1966 साली स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या हान्स शाट्समान यांनी दाखवून दिला, आणि तोही माणसाच्या तांबड्या रक्तपेशींत.

आता एवढा खटाटोप कशासाठी? तर दार किंचित उघडले आणि चिमूटभर कॅल्शियम आत आले की पेशीला हुकूम मिळतो. स्नायूच्या पेशीला तो हुकूम असतो, 'आवळ!' कोयता उगारताना दंड आवळतो, हृदय ठोका देते, त्या प्रत्येक वेळी पेशीत कॅल्शियम वाढलेले असते. 1883 साली लंडनचे डॉक्टर सिडनी रिंगर यांना हे योगायोगाने कळले. नळाच्या पाण्यात कालवलेल्या मिठाच्या द्रावात बेडकाचे हृदय तासन् तास चालत होते. शुद्ध केलेल्या पाण्यात ते मंदावून थांबू लागले. नळाच्या पाण्यात होते काय, तर थोडे कॅल्शियम!

आपल्या बारीक रक्तवाहिन्यांभोवती अशाच स्नायूंची कडी असतात. त्या स्नायूंत कॅल्शियम वाढले की कडे आवळते आणि नळी अरुंद होते. पाइपच्या तोंडावर बोट दाबले की मागे पाण्याचा जोर वाढतो, हे आपण रोज पाहतो. रक्तवाहिनीचा व्यास निम्मा झाला तर रक्ताला होणारा अडथळा दुप्पट नव्हे, सोळापट होतो. म्हणजे कडे जरा जरी आवळलेले राहिले तरी दाब चढतो आणि चढलेलाच राहतो. हृदयाला रोज जास्त जोर लावावा लागतो आणि मेंदूतल्या, मूत्रपिंडातल्या, डोळ्यांतल्या नाजूक नळ्या तो मार सोसत राहतात.

बासल शहरातली तपासणी

दाब असलेल्या माणसाच्या रक्तवाहिन्यांच्या स्नायूंत कॅल्शियम खरोखर जास्त आहे का, हे पाहायचे कसे? जिवंत माणसाच्या रक्तवाहिनीचा तुकडा तर कापून घेता येत नाही. शास्त्रज्ञांनी युक्ती केली. रक्तात प्लेटलेट नावाच्या बारीक पेशी असतात. जखम झाल्यावर रक्त गोठवायला त्या मदत करतात. त्यांचेही आवळणे-चिकटणे कॅल्शियमच्या हुकुमानेच चालते, आणि त्या सुईने सहज काढता येतात. एका पोत्यातला मूठभर दाणा पाहून पोते कसे आहे ते ताडावे, तसा हा प्रकार.

पण पेशीतले इतके थोडे कॅल्शियम मोजायचे कशाने? ती सोय रॉजर चेन या शास्त्रज्ञांनी 1980 च्या सुमारास केली. कॅल्शियम चिकटले की उजळणारा एक रंग त्यांनी तयार केला. याच चेन यांना पुढे 2008 साली वेगळ्या कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. तो रंग वापरून स्वित्झर्लंडमधल्या बासलच्या डॉक्टरांनी निरोगी माणसांच्या आणि दाबाच्या रुग्णांच्या प्लेटलेट तपासल्या आणि 1984 साली निकाल प्रसिद्ध केला. ज्यांचा दाब जास्त, त्यांच्या प्लेटलेटमध्ये मोकळे कॅल्शियम जास्त. दाब चढता तसा कॅल्शियमचा आकडाही चढता. आणि विशेष म्हणजे औषधाने दाब उतरला तेव्हा पेशीतले कॅल्शियमही उतरले. औषध कॅल्शियमचे दार अडवणारे असो की दुसऱ्या जातीचे असो.

तात्यांच्या मेव्हण्यांनी वाचलेली बातमी या जातीची. ती खोटी नव्हती. पण तिच्यातून काय निघते आणि काय निघत नाही, हे नीट पाहू.

एक, वाढलेले कॅल्शियम पेशीच्या आतले आहे. ताटातल्या दुधाने किंवा नाचण्याने ते वाढलेले नाही. बांधाची दारे आणि पंप बिघडल्यामुळे ते आत साचले आहे. नदीत पाणी किती आहे याचा तिथे संबंध नाही. प्रश्न बांधाचा आहे.

दोन, दाब आणि पेशीतले कॅल्शियम बरोबर चढतात यावरून कोणी कोणाला चढवले ते ठरत नाही. नंतर ठिकठिकाणी झालेल्या तपासण्यांचे निकाल एकसारखे आले नाहीत. काहींत फरक ठळक दिसला, काहींत तो दिसलाच नाही. म्हणून आजही कोणताही दवाखाना दाब ठरवायला पेशीतले कॅल्शियम मोजत नाही. तुम्हाला कोणी अशा तपासणीसाठी पैसे मागितले तर देऊ नका. दाब मोजायला दंडाला बांधायचा पट्टाच पुरेसा आहे.

तीन, 1997 साली अमेरिकेत एक मोठा आहाराचा प्रयोग प्रसिद्ध झाला. भाज्या, फळे आणि साय काढलेले दूध-दही भरपूर दिलेल्या माणसांचा दाब वाढला नाही, उलट उतरला. तेव्हा दूध सोडून दाब उतरेल ही समजूत टिकत नाही. तशीच, कॅल्शियमच्या गोळ्या खाऊन दाब बरा होईल ही समजूतही धरू नये.

मिठाची वाट

मग दारे-पंप बिघडतात कशाने? याचे एकच उत्तर नाही. वय, घराण्याचा वारसा, वजन, तंबाखू, दारू, मूत्रपिंडाचे आजार अशी बरीच कारणे आहेत. पण एक कारण आपल्या ताटात रोज असते, ते म्हणजे मीठ.

1977 साली मॉर्डेकाय ब्लाउस्टाइन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी मीठ आणि कॅल्शियम यांना जोडणारा एक विचार मांडला. पेशीच्या बांधावर कॅल्शियम बाहेर काढायची आणखी एक सोय आहे, ती अदलाबदलीची. मिठातले सोडियम आत येते आणि त्याच्या मोबदल्यात कॅल्शियम बाहेर जाते. सोडियम आत यायला बाहेर जास्त आणि आत कमी हवे. अंगात मीठ साठून पेशीच्या आतच सोडियम वाढले की ही अदलाबदल मंदावते, कॅल्शियम आत अडकते आणि रक्तवाहिनीचे कडे आवळलेले राहते. हा विचार सगळ्यांना सगळा पटलेला नाही, त्यावर अजून काम चालू आहे. पण मीठ कमी केले की दाब उतरतो, हे मात्र पक्के झालेले आहे. त्यात आता वाद नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे असे की मोठ्या माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे सपाट एक चमचा, आणि तोही सगळ्या जेवणातला मिळून. आपल्या कोकणपट्टीत पावसाळ्याची बेगमी म्हणजे सुका बांगडा, सुकी सुंगटे, खारवलेले मासे, लोणची, पापड, भरल्या मिरच्या. शेतात राबणारा माणूस घाम गाळतो म्हणून त्याला भरपूर मीठ लागते, असेही घरोघरी म्हणतात. पण भाजी-आमटीतल्या मिठाने ती गरज सहज भागते. सुके मासे सोडा असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हटले तर खारेपाटणात आम्हाला कोणी ओटीवर घेणार नाही! पण ते पाण्यात भिजवून, ते पाणी फेकून मग करा. एका जेवणात सुका मासा, लोणचे आणि पापड तिन्ही नकोत. आणि ताटात वरून मीठ वाढणे बंदच करा.

नाचण्याने तर तुमचे काहीच बिघडवलेले नाही. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 1000 मिलिग्रॅम लागते. दूध परवडत नसेल त्या घरात तर नाचणीसारखा आधार नाही.

गोळी नक्की काय अडवते?

आता तात्यांच्या गोळीकडे वळू. जर्मनीतल्या फ्रायबुर्गचे आल्ब्रेख्ट फ्लेकेनश्टाइन यांच्या 1960 नंतरच्या दशकात ध्यानात आले की काही औषधे हृदयाच्या स्नायूवर असा परिणाम करतात, जणू कोणी कॅल्शियमच काढून घेतले आहे. त्यातून कॅल्शियमचे दार अडवणाऱ्या औषधांचे घराणे निघाले. आज सर्वत्र मिळणारी अ‍ॅम्लोडिपिन ही त्याच घराण्यातली.

ही गोळी रक्तवाहिनीच्या स्नायूपेशींच्या बांधावरची काही दारे अर्धवट लावते. कॅल्शियम जरा कमी आत जाते, कडे सैल होते, नळी रुंदावते आणि दाब उतरतो. बस, इतकेच. ती हाडातले कॅल्शियम काढत नाही. रक्तातले कॅल्शियम कमी करत नाही. पोटातून कॅल्शियम शोषले जाते तेही अडवत नाही. पाटाचे एक दार खाली केले म्हणून विहीर आटत नाही, तसे हे आहे. गोळी चालू असताना दूध, नाचणी खुशाल खावी.

या गोळीने काहींच्या घोट्यांना सूज येते, हे खरे आहे. ती दिसली की 'मूत्रपिंड गेले' म्हणून घाबरू नये आणि परस्पर गोळीही बंद करू नये. डॉक्टरांना दाखवावे, ते मात्रा कमी करतात किंवा गोळी बदलून देतात. आणखी एक गोष्ट. या गोळीचा असर अंगात रेंगाळतो. त्यामुळे बंद केल्यावर एक-दोन दिवस काहीच बिघडत नाही आणि माणसाला वाटते, 'बघा, गोळीविना चालते.' दाब त्यानंतर हळूहळू चढतो. त्याचा डोळ्यांना पत्ता नाही, अंगाला पत्ता नाही. बहुतेकांचे डोकेही दुखत नाही.

दाबाच्या औषधांत आपल्या मातीचाही वाटा आहे. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा दाबावर होणारा परिणाम रुग्णांवर तपासून 1949 साली ब्रिटनच्या हृदयविषयक मासिकात प्रसिद्ध केला, आणि जगभरच्या डॉक्टरांचे लक्ष त्या मुळीकडे गेले. 1957 साली त्यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. पण म्हणून कोणी रानातून मुळी आणून स्वतः उगाळून घेऊ नये. तिने मन खचते, नाडी मंदावते. म्हणूनच पुढे तिची जागा नव्या गोळ्यांनी घेतली.

सिंधुदुर्गात झालेले काम

सभासदांना हे माहीत असावे की दाबावरच्या मोठ्या सरकारी कामाची सुरुवात ज्या जिल्ह्यांत झाली, त्यांत आपला सिंधुदुर्ग होता. केंद्राचे आरोग्य मंत्रालय, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, राज्य सरकारे आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून नोव्हेंबर 2017 मध्ये उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू केला. पहिल्या टप्प्यात पाच राज्ये घेतली. महाराष्ट्रातून सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे निवडले. त्यात नवे यंत्र नाही, महागडे औषध नाही. साधी पद्धत ठरवली: दाब नीट मोजायचा, ठरलेल्या क्रमाने मोजक्याच गोळ्या द्यायच्या, रुग्णाचे कार्ड ठेवायचे आणि जो परत आला नाही त्याला शोधून बोलवायचे. या क्रमातली पहिली गोळी बहुधा तीच, अ‍ॅम्लोडिपिन 5 मिलिग्रॅम. तात्यांनी बंद केली ती! 2022 साली या कामाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला.

सभासदांनी काय करावे

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी दाब मोजून घ्यावा. घरात कोणाला अर्धांग, हृदयविकार झाला असेल तर नक्कीच. बाईमाणसांनीही, 'मला काय झालंय' म्हणून मागे राहू नये.

मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसावे. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला. अर्धा तास आधी चहा, विडी, तंबाखू, मिश्री नको. लघवीला जाऊन यावे. बोलत बोलत मोजू नये. एकदा जास्त निघाला तर पुन्हा मोजावा. निरनिराळ्या वेळी 140/90 किंवा त्यावर राहिला तर तो दाब समजून उपचार घ्यावा.

गोळी सुरू झाली की ती ठरल्या वेळी रोज घ्यावी. दाब नीट निघाला म्हणजे गोळी लागू पडली असा अर्थ, रोग गेला असा नव्हे. तोडणीच्या धांदलीत गोळ्या संपतात आणि 'गाडी भरून झाली की जाऊ' म्हणता म्हणता महिना जातो. म्हणून तोडणीची पाळी लागण्याआधीच पुरेशा गोळ्या आणून ठेवाव्यात. अचानक तोंड वाकडे झाले, एका बाजूचा हातपाय लुळा पडला, बोलणे अडखळले, तर अंगाऱ्या-धुपाऱ्यात आणि चोळण्यात वेळ न घालवता तडक मोठ्या दवाखान्यात न्यावे. तिथे पहिल्या काही तासांत पोचले तर पुष्कळ वाचते.

आपल्या कारखान्यात बॉयलरवर जो माणूस असतो तो काट्यावरून नजर हलवत नाही. बॉयलर बाहेरून नेहमीसारखाच दिसतो, आत किती दाब आहे ते काटाच सांगतो. लाखो रुपयांच्या बॉयलरची आपण एवढी राखण करतो, मग ज्याच्या कष्टावर तो बॉयलर पेटतो त्या माणसाचा काटा वर्षातून एकदा तरी पाहायला नको का?

तात्यांची गोळी पुन्हा चालू झाली आहे. मागच्या खेपेस गेलो तेव्हा कार्ड त्यांनी आपणहून दाखवले. शेवटची नोंद 136/84 होती. पेजेबरोबर नाचण्याची भाकरीही परतली आहे. सुका बांगडा आठवड्यातून एकदा, भिजवून. काकी म्हणाल्या, "मिठाचो डबो आता माझ्याकडे."

आपल्या घरातला मिठाचा डबा कोणाकडे आहे, आणि आपला दाब शेवटचा कधी मोजला होता, हे हा अंक खाली ठेवण्याआधी प्रत्येक सभासदाने स्वतःला विचारावे, एवढीच आमची विनंती.